घरच्यासारखा ड्रायव्हर

कोल्हापूर-बेळगावकडचं नात्यातलं कोणी गोव्याला यायचं ठरवलं की पहिला फोन मला येतो. "मावशी, एखादी चांगली गाडी सांग ना. म्हणजे ड्रायव्हरच सगळं दाखवेल, समजावून सांगेल, आम्ही म्हणू तिथं थांबेल, असा कोणी. बसच्या सहलीत नुसती पळापळ होते." चार वर्षं मी एकच नंबर देत होते. वर आपणहून सांगायचे, "अगदी घरच्यासारखा आहे हो, डोळे मिटून बसा गाडीत." आता कोणी विचारलं की म्हणते, मला माहीत नाही, तुमचं तुम्ही बघा. लोकांना वाटतं, म्हातारी तुसडी झाली. झाले तर झाले. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकसुद्धा फुंकून पितो.

तो पेडण्याकडचा. स्वतःची पांढरी गाडी होती. मोरजीच्या हॉटेलांत उतरलेली माणसं दिवसभरासाठी त्याला ठरवायची. ड्रायव्हर तोच, गाईडही तोच. इंग्रजी फाडफाड, रशियन कामापुरतं. माझे यजमान पेडण्याला नोकरीला होते तेव्हापासूनची त्यांची ओळख, म्हणून मी त्याची वहिनी. यजमान आजारी पडले तेव्हा आमच्या कारापूरहून बांबोळीच्या हॉस्पिटलात त्याने किती खेपा मारल्या त्याला गणती नाही. पुढची सीट मागे पाडायचा, मानेखाली उशी द्यायचा आणि खड्डा आला की आधीच सांगायचा, "सायबानू, सांभाळा हां." यजमान गेले तेव्हा खांदा द्यायला तो होता. माझा मुलगा नव्हता.

मुलगा एकुलता एक. कागदपत्रं करून इंग्लंडला गेला. वडील गेले तेव्हा त्याचं तिकडचं काहीतरी अडकलेलं होतं. आता बाहेर पडलो तर परत आत घेणार नाहीत, म्हणाला. बापाला अग्नी देताना त्याने फोनच्या पडद्यावर बघितलं. मी त्याला एक शब्द बोलले नाही. तिथंच चुकलं माझं. पोटात ठेवलेलं आंबतं.

ते बाहेर आलं पहिल्या वर्षश्राद्धाला. सकाळपासून फोन कनवटीला लावून फिरत होते. भटजी जेवून गेले, तरी मुलाचा फोन नाही. मी पान घेऊन परसात गेले आणि कुंपणाच्या दगडी गडग्यावर ठेवलं. कावळे जणू वाटच बघत होते. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "खा बाबांनो, त्याच्याही नावाने खा. मला तो मेलाच आता." मागे वळले तर हा ड्रायव्हर दारात, हातात पाण्याचा तांब्या घेऊन उभा. "वहिनी, असं वंगाळ बोलू नये," म्हणाला. मी तिथंच पायरीवर बसून रडले. त्याने मला पाणी पाजलं. संध्याकाळी मुलाचा फोन आला, कामावरून आत्ताच सुटलो म्हणाला, आणि मी त्याच्याशी नीट बोलले. जिभेवर आलेलं जिभेवरच विरलं असं धरून चालले.

त्यानंतर दोनेक महिन्यांनी हा म्हणाला, "वहिनी, माझ्या पाहुण्यांना दर्याचा कंटाळा येतो. म्हणतात, खरा गोवा दाखव. मी त्यांना मयेचं तळं दाखवतो, हरवळ्याचा धबधबा दाखवतो. पण जेवायला कुठं नेऊ? तुमच्या हातचं मिळालं तर..." घर मला खायला उठलं होतं. मी लगेच हो म्हटलं.

आठवड्यातून दोनदा, कधी तीनदा गाडी दारात येऊ लागली. उकड्या तांदळाचा भात, आळसांद्यांचं तोणाक म्हणजे मोठ्या चवळीची दाट आमटी, नीरफणसाच्या कुरकुरीत फोडी, सोलांची कढी. वार बघून उडीद-मेथ्या घातलेली बांगड्याची उड्डामेथी. पाववाल्या पोदेराकडची गरम पोय, कारण काही जणांना भात नको असायचा. माझं इंग्रजी म्हणजे कम, सिट, ईट. बाकी सगळं हा बोलायचा. मी सांगायचे, तो त्यांना सांगायचा. ते सांगायचे, तो मला सांगायचा. कशाला काय म्हणतात, तिरफळ कुठं लागतं, सगळं.

पानं मांडण्याआधी कावळ्याला घास घालायची माझ्या सासूबाईंची शिस्त. कोणी गेलं म्हणून नव्हे, रोजचंच. आधी गाय, कावळा, मग माणसं. गाय गेली, कावळा राहिला. मी गडग्यावर घास ठेवून 'काव काव' करायला लागले की पाहुणे जनेलाशी गर्दी करायचे. खिडकीला आम्ही अजून जनेलच म्हणतो. ते त्याला काही विचारायचे. तो आवाज खाली आणून सांगायचा. चांगला बराच वेळ सांगायचा. मला वाटायचं, काय विद्वान माणूस आहे बाई, एका घासाचं एवढं पुराण सांगतो!

मग ते टेबलाशी यायचे आणि डोळे पुसत जेवायचे.

मी म्हटलं, तिखट होतंय बिचाऱ्यांना. मिरच्या निम्म्या केल्या. तरी एकीच्या डोळ्यांना पाणी. मग आणखी कमी केल्या. माझं तोणाक शेवटी इतकं मिळमिळीत झालं की सासूबाई असत्या तर पान लोटून दिलं असतं. त्याला विचारलं, "अरे, आता तरी तिखट नाही ना लागत?" तर म्हणाला, "नाही वहिनी, आता एकदम बरोबर आहे." जाताना ती माणसं माझे दोन्ही हात हातात धरायची. आभारासाठी त्याने शिकवलेलं "देव बरे करू" म्हणायची. एका बाईने मला मिठी मारली ती सोडेचना. मला काय कौतुक वाटायचं! आपल्या माणसाने कधी चांगलं म्हटलं नाही आणि ही कुठली कोण, आमटीभातासाठी गळ्यात पडतात.

एकदा मात्र मनात पाल चुकचुकली होती. ओटीवर यजमानांचा हार घातलेला फोटो आहे. समोरच्या भिंतीवर मुलाचा, कॉलेजातून पास झाला तेव्हाचा, दात काढून हसणारा. एक इंग्रज म्हातारा-म्हातारी आली होती. दोघं दरवर्षी थंडीत मोरजीला येऊन राहायची. म्हातारीने पर्समधून फूल काढलं आणि ठेवलं ते मुलाच्या फोटोखाली. मी हसले, फूल उचललं आणि यजमानांच्या फोटोला वाहिलं. म्हातारी गोंधळून याच्याकडे बघायला लागली. हा पटकन म्हणाला, "वहिनी, त्यांच्यात तशी पद्धत असते." मी म्हटलं, असेल. विश्वास पानिपतावर गेला म्हणतात, पण माझा घरात बसून होता.

गेल्या वर्षी डिसेंबरात मुलाने कळवलं की तो येतोय. सात वर्षांनी. बायकोला घेऊन. तिकडेच वाढलेली गुजराती मुलगी, लग्न तिकडेच झालेलं, मी तिला फोनवरच पाहिलेली. दहा दिवस राहणार होते. मला दुसरं काही नको होतं. या दहा दिवसांत त्याला घर परत घरासारखं वाटावं, दरवर्षी यावंसं वाटावं, एवढंच. एकदा येऊन तुटक होऊन गेला तर परत यायचा नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. बापाचाच स्वभाव आहे. बोलत नाही, दूर होतो.

सुनेला गोवा दाखवायचा तर गाडी हवी. मी याला फोन केला, "अरे, तीन दिवस तुझी गाडी मला. आता मी तुझी गिऱ्हाईक!" तर तो म्हणाला, "वहिनी, त्या आठवड्यात गाडी मोकळी नाही. माझ्या ओळखीचा दुसरा चांगला पाठवतो." मला राग आला. माझा मुलगा सात वर्षांनी येतो आणि परक्याच्या गाडीतून फिरणार? तू असताना? मी हट्टच धरला. खूप बोलले, यजमानांची आठवण काढली. शेवटी तो बरं म्हणाला. बघा, माणूस सुटायला बघत होता. मीच त्याला दाराशी ओढून आणला.

दोन दिवस झकास गेले. सून म्हणेल तिथं गाडी थांबायची. तिला जांभ्याचे चिरे काढायच्या खाणी बघायच्या होत्या, त्या दाखवल्या. मोरजीच्या किनाऱ्यावर कासवांनी अंडी घातलेली जागा कुंपण घालून राखलेली असते, ती दाखवली. मुलगा पुढच्या सीटवर बसून त्याच्याशी गप्पा मारायचा. दुसऱ्या दिवशी घरी आल्यावर मला म्हणाला, "आई, बाबांसाठी ह्याने खूप केलं ना गो?" मी म्हटलं, "खूप." त्यावर तो म्हणाला, "मी करायला हवं होतं." सात वर्षांत पहिल्यांदा तो हे बोलला. मला वाटलं, गाठ सुटली.

तिसऱ्या दिवशी दुपारी जेवायला सगळी घरी. मी कावळ्याला घास घातला आणि पानं वाढली. याचं पान मुलाच्या शेजारीच. पहिला घास तोंडात जातो न जातो तोच दाराशी टॅक्सी थांबली. ती इंग्रज म्हातारा-म्हातारी! दुसऱ्या दिवशी ती परत जाणार होती. याने गाडी मोकळी नाही सांगितलं म्हणून दुसरी टॅक्सी करून, रस्ता आठवत आठवत दोघं आली होती. हा ताडकन उठला. "मी बघतो, मी बघतो." मुलगा म्हणाला, "बस रे, जेव तू," आणि स्वतः पुढे गेला.

म्हातारीच्या हातात कागदात गुंडाळलेली फ्रेम होती. तिने मुलाला काही विचारलं. त्याने हसून उत्तर दिलं आणि माझ्याकडे बोट दाखवलं. आई, एवढा शब्द मला कळला. म्हातारीने पुन्हा विचारलं. त्याने मान हलवली. म्हातारी भिंतीवरच्या फोटोकडे बघते, त्याच्याकडे बघते, आणि तिचा चेहरा हळूहळू पांढराफटक पडत गेला. मुलाने तिच्या हातातली फ्रेम घेतली, कागद काढला. आत एका लहानशा झाडाचा फोटो होता. झाडाखाली पाटी. त्याने ती वाचली. मग माझ्याकडे वळला.

"आई, मी कधी मेलो गो?"

मला वाटलं, थट्टा करतो. म्हटलं, "काय अभद्र बोलतोस जेवणाच्या वेळी?" त्याने फ्रेम माझ्यापुढे धरली. इंग्रजी मला वाचता येत नाही, पण मुलाचं नाव कुठल्याही लिपीत ओळखते मी, त्याच्या प्रत्येक पाकिटावर बघितलेलं. त्या दोघांनी त्यांच्या गावात त्याच्या नावाने झाड लावलं होतं. एका आईच्या गेलेल्या मुलासाठी, जिच्या घरी आपण जेवलो. त्यांचं गाव कुठं, तर इंग्लंडातच, मुलगा राहतो तिथून गाडीने दोन तासांवर.

मी याच्याकडे बघितलं. इतकी वर्षं त्या लोकांसमोर माझी जीभ हाच होता. "अरे, काय चाललंय? सांग ना त्यांना!" हा पानातल्या भातात बोट फिरवत बसला. "काही नाही वहिनी, जरा गैरसमज झालाय."

मुलाने त्या दोघांना बसवलं आणि इंग्रजीत एकेक विचारत गेला. मग मला सगळं कळलं, एकदम, अंगावर घागर ओतावी तसं. जनेलाशी तो खालच्या आवाजात काय सांगायचा ते. ही बाई रोज आधी आपल्या मेलेल्या मुलाला जेवू घालते, तो कावळा होऊन येतो, मग पाहुण्यांना वाढते. दोन वर्षं, येईल त्या प्रत्येकाला. मिरच्या कसल्या जळल्या होत्या! ती माणसं माझ्या पोराच्या मयताला जेवत होती आणि मी हसून हसून वाढत होते, "ईट, ईट." त्या मिठ्या, ते हात धरणं, त्यातलं काहीएक माझ्या जेवणासाठी नव्हतं. शिरां पडो त्याच्या तोंडार! त्या क्षणी मला त्याचं पान उचलून अंगणात भिरकावावंसं वाटलं.

पण खरं मरण पुढेच होतं. मुलाने त्याला सरळ विचारलं, "हे तुला कोणी सांगितलं?"

मला वाटलं, आता तरी म्हणेल, माझी चूक झाली. चार माणसांत मान खाली घालील. यजमानांना उशी देणारा माणूस तो! त्याने मान खाली घातलीच, आणि म्हणाला, "वहिनीच म्हणाल्या होत्या. सायबांच्या श्राद्धाला. मला तो मेलाच, म्हणून."

केसाने गळा कापला म्हणतात, तो असा. त्याने खोटं सांगितलं असतं तर मी त्याची साल काढली असती. पण वाक्य माझं होतं. पायरीवर रडलेले तेही त्याने बघितलं होतं, पाणीही पाजलं होतं. त्यातलं काही त्याने सांगितलं नाही. वाक्य तेवढं ठेवलं. मी तोंड उघडलं आणि माझ्याच्याने नाही म्हणवेना. मुलगा माझ्याकडे बघत होता. मी नाही म्हणायची वाट बघत होता.

"रागात बोलले रे. एकदाच," मी म्हटलं.

"माहीत आहे," तो म्हणाला, आणि त्या म्हाताऱ्यांना निरोप द्यायला दारापर्यंत गेला. जाताना म्हातारी रडत होती. या वेळी कशासाठी, ते मला कोणी सांगायची गरज नव्हती.

ड्रायव्हर मागच्या दाराने निघाला होता. मी त्याला माडाखाली गाठलं. "का रे केलंस असं? काय वाईट केलं होतं मी तुझं?" तर म्हणतो कसा, "वहिनी, जेवण सगळीकडे मिळतं. माणसांना गोष्ट लागते. किती माणसं तुमच्यासाठी रडली, ठाऊक आहे?" मी म्हटलं, "माझ्यासाठी नाही रे. तुझ्यासाठी रडली. माझ्या हातचं तर कोणी धड चाखलंच नाही." तो म्हणाला, "सायबांसाठी मी जे केलं ते तरी खरं होतं ना?" ते खरं होतं, म्हणून तर जास्त लागतं. लबाड माणसाने लबाडी केली असती तर शिव्या देऊन मोकळी झाले असते.

विमानतळावर सोडायलाही त्याचीच गाडी सांगून ठेवली होती. ती मी रद्द केली. मोपाला दुसऱ्या गाडीने गेली ती दोघं. उरलेले दिवस मुलगा माझ्याशी अगदी नीट वागला. आवाज चढवला नाही, कशाला नावं ठेवली नाहीत, केलं ते जेवला. तेच वाईट. मीठ कमी म्हणून माझ्याशी भांडणारा पोर होता तो. निघताना त्याने ती झाडाची फ्रेम बॅगेत घातली. मी म्हटलं, "ती कशाला नेतोस? अपशकुन." तर म्हणाला, "माझंच झाड आहे ना, जाऊन बघेन कधीतरी." सून मागे रेंगाळली. मोडक्यातोडक्या हिंदीत तिने मला सांगितलं, त्या म्हातारा-म्हातारीला माझा मुलगा त्या दिवशी दारात काय म्हणाला ते. माझ्या आईचं चुकलं नाही, सात वर्षं मीच आलो नव्हतो. तिला वाटलं, ऐकून मला बरं वाटेल. त्यापेक्षा त्याने माझ्या अंगावर ओरडायला हवं होतं.

शेजारीण मला समजावते, मेल्याची बातमी उठली की माणसाचं आयुष्य वाढतं. वाढो बाई. त्या हिशोबाने माझा पोर शंभरी पार करणार. दोन वर्षांत त्या ड्रायव्हरने त्याला किती वेळा मारला, ते देवालाच ठाऊक. ऐकते की तो आता पाहुण्यांना सर्वणला एका घरी जेवायला नेतो. एकटीच बाई आहे तीही. तिच्या घरातला कोण मारलाय, कोण जाणे. एकदा जाऊन तिला सांगावं असं वाटतं. मग वाटतं, मला कोणी सांगितलं असतं तर मी ऐकलं असतं? याच्याविरुद्ध? छे! सांगणाऱ्याला मी दारातूनच वाटेला लावलं असतं.

तोणाकात मिरच्या आता पहिल्यासारख्या घालते. खाणारी मी एकटी.

कावळ्याला घास घालणं काही दिवस बंदच केलं होतं. हातच पुढे होईना. पण कावळ्याला काय ठाऊक? बारा वाजले की जनेलाच्या गजावर येऊन बसतो आणि डोकं उठवतो. मागच्या रविवारी भात हातात घेऊन मी तशीच उभी होते, घालू की नको, आणि मुलाचा फोन आला. हल्ली दर रविवारी करतो, चुकवत नाही. "जेवलीस?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "नाही अजून. कावळ्याला घालायचाय." त्यावर तो म्हणाला,

"कोणाच्या नावाने?"

"कोणाच्या नावाने नाही रे. रोजचाच."

"बरं, घाल," तो म्हणाला. हसून म्हणाला की कसं, ते मला कळलं नाही. त्याची माझी भाषा एकच, मधे कोणी सांगणारा नको. तरी नाही कळलं.